जाफन्याला निघण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

श्रीलंकेचे सरकार आणि तमिळ वाघ (एलटीटीई) ही बंडखोर संघटना यांच्यातले यादवी युद्ध मे 2009 मध्ये संपले. उत्तरेकडच्या जाफना शहरात आज निर्धास्त फिरता येते. सकाळी रस्ते शाळेला निघालेल्या सायकलींनी भरलेले असतात. तरीही पाय कुठे टाकायचा, फोटो कशाचा काढायचा आणि कुणाला काय विचारायचे, हे अजून त्या युद्धाकडे बघूनच ठरवावे लागते. म्हणून हे पत्रक सामान भरण्याआधी वाचा.

कसे आणि कधी

कोलंबो फोर्ट स्थानकापासून जाफना सुमारे 400 किलोमीटर. रेल्वेने साडेसहा ते आठ तास धरा. उत्तरेकडची ही गाडी 1990 मध्ये बंद पडली होती. रूळ उखडले गेले, त्यांखालचे स्लीपर खंदकांच्या कामी आले. भारताच्या इरकॉन या रेल्वे-बांधकाम कंपनीने मार्ग नव्याने टाकल्यावर ऑक्टोबर 2014 मध्ये गाडी पुन्हा जाफन्यापर्यंत आली. राखीव जागा लवकर संपतात, त्यामुळे परतीचे तिकीटही त्याच वेळी काढा. चेन्नईहून जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर थेट उतरता येते, पण विमान लहान असते. सामानाची मर्यादा तिकिटावर नीट वाचा. श्रीलंकेचा ऑनलाइन प्रवास-परवाना निघण्याआधीच घ्या.

जानेवारी ते मार्च उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, एप्रिल-मे घामाचे.

सुरुंग

शहरात ही भीती नाही. धोका आहे तो दक्षिणेकडून जाफन्याला येणाऱ्या ए-9 महामार्गालगत, विशेषतः एलिफंट पास आणि जाफना यांच्या मधल्या मुहमालै भागात. दोन्ही सैन्यांच्या फळ्या तिथे वर्षानुवर्षे समोरासमोर होत्या. सुरुंग काढण्याचे काम हाताने, वीत-वीत जमीन तपासत चालते, म्हणून इतका वेळ लागतो. शिवाय पुराच्या पाण्याने माती सरकते आणि सुरुंग जागा बदलतात.

कवटीचे चिन्ह असलेला लाल फलक दिसला की त्यापुढे जायचे नाही. फलक नसला तरी डांबरी रस्ता किंवा रुळलेली पायवाट सोडू नका. सर्वात जास्त चूक होते ती लघुशंकेसाठी झुडपाआड जाण्यात. वाटेतल्या किलिनोच्चीला हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर थांबा, गाडी मध्येच उभी करायला सांगू नका. जमिनीत धातूची वस्तू दिसली तर हात न लावता, आल्या पावलांवरूनच मागे या आणि ड्रायव्हरला सांगा.

शहरात

किल्ला पोर्तुगिजांनी सुरू केला आणि डचांनी पंचकोनी करून वाढवला. भिंतीजवळ गेलात तर दगडात प्रवाळाची छिद्रे दिसतील. आतले 1706 चे डच चर्च 1990 च्या वेढ्यात जमीनदोस्त झाले. तटावर सगळीकडे कठडा नाही, मुलांचा हात धरा.

सार्वजनिक ग्रंथालय 1981 मध्ये जाळले गेले. सुमारे 97,000 पुस्तके आणि ताडपत्रावरची हस्तलिखिते गेली, त्यातल्या काहींची दुसरी प्रत नव्हती. आजची पांढरी इमारत पुन्हा उभी केलेली आहे आणि तिथे विद्यार्थी अभ्यासाला बसतात. पर्यटकांना ठरावीक वेळेतच सोडतात. आत कुजबुजसुद्धा टाळा.

नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात पुरुषांना शर्ट काढूनच प्रवेश मिळतो. आत फोटो नाही. जुलै-ऑगस्टमधला उत्सव 25 दिवस चालतो. तेव्हा यायचे असेल तर खोली काही महिने आधी धरा.

नैनातीवू बेटासाठी कुरिकट्टुवान धक्क्यावर बसने जावे लागते. पुढची होडी थोड्या वेळाची असली तरी पोहोचताच परतीच्या शेवटच्या होडीची वेळ विचारा. लाइफ जॅकेट मागून घ्या. वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे बेट शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

खाणे-पिणे

शाकाहारी मंडळींनी 'सैवम' हा शब्द पाठ करावा. तशी पाटी असलेल्या खाणावळीत पुट्टू, इडिअप्पम आणि नारळाच्या दुधाची सोदी बिनधास्त खा. इतरत्र नारळाच्या सांबोलमध्ये (चटणीत) अनेकदा वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, तो दिसत नाही. 'कूळ' हे सूप तर माशांचेच. विहिरींचे पाणी चुनखडीतले, त्यात नायट्रेटही आढळते; बाटलीबंदच प्या. भारतीय रुपयांवर विसंबू नका, होडीसाठी सुटे श्रीलंकन रुपये लागतात.

बोलताना

भारतीय शांतिसेना इथे 1987 ते 1990 होती, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्याही. पलालीला तिचे स्मारक आहे, पण ते लष्करी हद्दीत येते. घरातले कुणी त्या सेनेत असेल आणि तिथे जायचे असेल तर परवानगीसाठी आम्हाला खूप आधी कळवा. ऑक्टोबर 1987 मध्ये याच सेनेच्या कारवाईत जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या, हेही तिथले लोक विसरलेले नाहीत. 'तुम्ही कुणाच्या बाजूचे होतात?' असे विचारू नका. कुणी आपणहून बोलले तर ऐका आणि मोबाइल खिशातच राहू द्या.

छप्पर उडालेल्या, भिंतीतून वड उगवलेल्या घरांत शिरू नका. त्यांना मालक आहेत, पुष्कळदा परदेशात. लष्करी तळ, चौक्या आणि गणवेशातली माणसे यांचे फोटो काढू नका. ड्रोन घरीच ठेवा.