गाठ शिरेत उतरते तेव्हा

खारघरला अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्राच्या बाहेर चहा घेताना हा प्रश्न कानावर पडतो : "लिव्हरचीच गाठ ना, मग कापून का टाकत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. निरोगी यकृत पाव भाग उरलं तरी पुन्हा वाढतं. पण यकृताचा कॅन्सर बहुधा सिरॉसिसने आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. तिथे साधारण ४० टक्के तरी मागे ठेवावं लागतं.

त्यात गाठ पोर्टल व्हेनमध्ये उतरली की पेच वाढतो. नवी मुंबईला मोरबे धरणाची मोठी पाइपलाइन, तशी यकृताला ही शीर. आतडी आणि प्लीहेकडचं रक्त तिच्यातून येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के. गाठ तिच्या पोकळीत बोटासारखी वाढत जाते. रिपोर्टात लिहितात 'ट्यूमर थ्रॉम्बस', आणि घरच्यांना वाटतं, गुठळी आहे, रक्त पातळ करायच्या गोळीने विरघळेल. नाही विरघळत, त्या कॅन्सरच्या जिवंत पेशी असतात. या पाहुण्याचा मुक्काम शिरेत, पण जेवण धमनीचं! म्हणूनच सीटीत धमनीतून डाय पोचताच तो उजळतो, साधी गुठळी अंधारीच राहते.

गाठ शिरेच्या एका फांदीपुरती असेल तर यकृताची ती बाजू फांदीसकट काढता येते. मुख्य खोडात आली असेल तर शीर उघडून गाठ बाहेर ओढावी लागते. रक्तस्राव आवरायला यकृताकडे जाणाऱ्या वाहिन्या चिमट्यात धरायच्या, १५ मिनिटं बंद, ५ मिनिटं मोकळ्या. वाहिन्या दाबून धरायची ही युक्ती ग्लासगोच्या प्रिंगल या सर्जनने १९०८ मध्ये मांडली, आजही तीच वापरात आहे. गाठ महाशिरेतून, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतून, हृदयाच्या कप्प्यापर्यंत गेली असेल तर हार्ट-लंग मशीनही लावावं लागू शकतं.

एवढं करावं का, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. बार्सिलोना पद्धतीत, म्हणजे टप्प्यानुसार उपचार ठरवणाऱ्या तिथल्या वर्गीकरणात, शिरेत शिरलेली गाठ म्हणजे थेट औषधं. जपान-चीनमधले सर्जन निवडक रुग्णांवर शस्त्रक्रिया करतात. मला दोघांचंही पटतं. पेशी एकदा रक्तात उतरल्या की बऱ्याच जणांत आजार उलटतो. प्रत्यारोपणही सहसा त्यामुळेच नाकारलं जातं.

मधली वाट अलीकडे रुळते आहे : आधी औषध किंवा रेडिएशन, गाठ आकसली तर सुरी. २०२० पासून अ‍ॅटेझोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारं) आणि बेव्हासिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं) या औषधांची जोडी वापरात आहे. मात्र बेव्हासिझुमॅबने जखम भरायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या डोसनंतर काही आठवडे थांबतात. तोवर सीटीवर मोजून ठेवतात, यकृत नेमकं किती उरेल.