बाहुली आकसली म्हणजे दिसतंय, असं नसतं

डोळ्यावर टॉर्च मारला आणि बाहुली बारीक झाली की नजर शाबूत, हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय आपण, पण ते खरं नाही आणि त्यावर विसंबून घरचे लोक डॉक्टरकडे जायला उशीर करतात याचं फार वाईट वाटतं.

उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) पडला की सिग्नल ऑप्टिक नर्व्हमधून, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतून, आत जातो, पण पुढे वाटा वेगळ्या होतात. एक वाट मेंदूच्या मागच्या भागात जाते, तिथे आपल्याला 'दिसतं'. दुसरी मध्यमेंदूत जाते आणि तिथून मेंदूतून डोळ्यांकडे येणाऱ्या 'तिसऱ्या नर्व्ह' नावाच्या नसेमार्फत दोन्ही बाहुल्यांना आकसायचा हुकूम येतो. म्हणून स्ट्रोकने मेंदूचा मागचा भाग दोन्हीकडून गेला तर माणूस पूर्ण आंधळा होतो, बाहुल्या मात्र झकास आकसतात!

आणि हुकूम दोन्हीकडे जातो म्हणून एका डोळ्याची ऑप्टिक नर्व्ह पूर्ण गेली असली तरी चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला की त्या आंधळ्या डोळ्याची बाहुलीपण आकसते, टॉर्च आंधळ्या डोळ्यावर नेला की दोन्ही पुन्हा मोठ्या होतात. डॉक्टर टॉर्च इकडून तिकडे झुलवतात ना, ते हेच बघायला.

अचानक दिसेनासं झालं तर बाहुली बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.