कोणाच्या पापाने? संकट आणि शिक्षा यांच्या ख्रिस्ती विचाराची पार्श्वभूमी

ख्रिस्ती घरांतल्या वचनांच्या कॅलेंडरवर किंवा नव्या दुकानाच्या पत्रिकेवर एक ओळ बऱ्याचदा छापलेली असते: सुरुवात लहान असली तरी शेवट फार मोठा होईल. खाली संदर्भ असतो, ईयोब 8:7. वचन गोड आहे, पण ते बोलतो बिल्दद, ईयोबाच्या तीन मित्रांपैकी एक. तीनच ओळी आधी, 8:4 मध्ये, हाच बिल्दद दहा मुलं एका दिवसात गमावलेल्या बापाला, म्हणजे ईयोबाला, ऐकवतो की तुझ्या लेकरांनी पाप केलं असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचं फळ दिलं. पुस्तकाच्या शेवटी, 42:7 मध्ये, देव अलीफज या दुसऱ्या मित्राला सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे ज्याला देवानेच खोटं ठरवलं त्याचं भाषण आपण शुभेच्छा म्हणून भिंतीवर लावतो. संकट म्हणजे पापाची शिक्षा का, या वादातली निम्मी गफलत इथेच आहे: बायबलमध्ये एखादं वाक्य आहे म्हणून ते बायबलचं म्हणणं असतंच असं नाही. गंमत अशी की याच अलीफजची एक ओळ (5:13) येशूचा प्रेषित पौल नव्या करारातल्या 1 करिंथ 3:19 मध्ये मान्यतेने उद्धृत करतो. त्यामुळे मित्रांचं सगळंच फेकून द्या, एवढंही ते सोपं नाही.

मित्रांनी तरी हा हिशेब आणला कुठून? बहुधा अनुवाद या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात दिसणाऱ्या विचारातून. (मराठी बायबलमधलं हे नाव नवख्याला कोड्यात टाकतं, हे मोशेच्या पाच पुस्तकांतलं पाचवं.) त्या अध्यायाच्या पहिल्या 14 ओळींत आशीर्वाद आहेत, 15 ते 68 मध्ये शाप: रोगराई, दुष्काळ, पराभव, देशोधडी. शाप जवळजवळ चौपट. पण हा करार एका राष्ट्राशी केलेला आहे. अमुक माणसाला क्षय झाला म्हणजे त्याने अमुक केलं असणार, असा उलटा हिशेब त्यात कुठेच मांडलेला नाही. तो लोकांनी मांडला. भाषेनेही हात दिला: हिब्रूतला ‘आवोन’ हा शब्द अपराध आणि त्या अपराधाचं भोगणं, दोन्हींसाठी चालतो. उत्पत्ती 4:13 मध्ये काइन ‘माझा आवोन सोसवत नाही’ म्हणतो, तिथे पाप म्हणायचं की शिक्षा, हे प्रत्येक भाषांतरकाराला ठरवावं लागतं. ‘पाप भोगतोय’ असं सहज म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही अडचण लगेच कळेल.

वडिलांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, हे निर्गम 20:5 मधलं वाक्य. बाबेलच्या बंदिवासातले यहुदी हीच तक्रार म्हणीत करत होते: आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली, दात आंबले मुलांचे. यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात देव ही म्हणच बंद करतो. जो पाप करील तो मरेल, मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. ख्रिस्ताच्या सुमारे सहा शतकं आधीचा हा निकाल. तरी तो आजही दर पिढीला नव्याने सांगावा लागतो.

नव्या करारातला कळीचा प्रसंग योहान 9 चा. जन्मांध माणूस दिसतो आणि येशूचे शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? जन्माआधी याने पाप केलं कधी, असा प्रश्न वाचकाला पडतोच. मराठी वाचक पटकन म्हणतो, मागच्या जन्मी; आणि बायबलमध्ये पुनर्जन्म आहे याचा पुरावा म्हणून ही ओळ पुढे करणारेही भेटतात. रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, परंपरेत मात्र गर्भातलं बाळही पाप करू शकतं अशी चर्चा होती, त्यामुळे शिष्यांच्या प्रश्नाला पूर्वजन्माची गरज नव्हती. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. त्यापुढची ‘देवाची कामं याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून’ ही ओळ मात्र अनेकांना टोचते: देवाने काम दाखवायला पोराला आंधळं जन्माला घातलं का? मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती. काही अभ्यासक ही ओळ पुढच्या वाक्याला जोडतात: ‘याने नाही, आईबापाने नाही. पण देवाची कामं प्रकट व्हावीत म्हणून आपण दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे.’ पूर्णविराम कुठे द्यायचा यावर अर्थ असा फिरतो.

लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण दगावल्याचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक दोषी होते का? नाही, असं येशू म्हणतो, आणि लगेच जोडतो की पश्चात्ताप केला नाही तर तुम्हीही तसेच नाश पावाल. सांत्वन करणारा पहिलं वाक्य वाचून थांबतो, धाक घालणारा प्रचारक दुसऱ्यापासून सुरू करतो. शिवाय योहान 5:14 आहेच: 38 वर्षं आजारी असलेल्याला बरं केल्यावर येशू बजावतो, पुन्हा पाप करू नकोस, याहून वाईट काही होऊ नये. म्हणजे पाप आणि दुःख यांचा संबंधच नाही असं ख्रिस्ती धर्म म्हणत नाही. दुःख बघून पापाचं निदान करायला तो मनाई करतो.

410 मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं तेव्हा बिशप ऑगस्टीनला हाच प्रश्न सोडवावा लागला, कारण चांगले-वाईट सगळेच भरडले गेले होते. त्याचं उत्तर: आग एकच, त्यात सोनं झळकतं आणि भूस धुमसतं. पण आदामाच्या पापाचा दंड साऱ्या मानवजातीवर आहे हेही त्यानेच ठासून मांडलं, आणि पुढे प्रत्येक साथीत ते कामाला आलं. 590 च्या साथीत रोममध्ये पोप ग्रेगरीने पश्चात्तापाच्या मिरवणुका काढल्या. चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूत स्वतःला फटके मारत गावोगाव फिरणारे जथे निघाले. 1349 मध्ये पोप सहावा क्लेमेंट याने त्यांच्यावर बंदी घातली. मग 1 नोव्हेंबर 1755 चा लिस्बनचा भूकंप. सर्व संतांच्या सणाची सकाळ, देवळं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भाविक ढिगाऱ्याखाली गेले आणि शहराने आग धरली. मालाग्रिदा या जेझुइट संघाच्या धर्मगुरूने, भूकंप नैसर्गिक नसून पापाचं फळ आहे असं पत्रक काढलं; शहर उभारायला निघालेल्या सरकारला ते परवडणारं नव्हतं. 1761 मध्ये त्याला देहदंड झाला. त्यानंतर युरोपात निदान शिकलेल्या वर्गात असं बोलणं अवघड झालं.

पुण्यात हा विचार दोन वाटांनी आला. एक छावणीतून. लष्करातलं सेंट मेरीज चर्च 1825 चं. तिथे तेव्हा चालणाऱ्या इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याच्या भेटीचा विधी आहे, आणि त्यात पाळक रुग्णाला सांगतो की तुझा आजार कोणताही असो, ही देवाची भेट आहे असं खचित समज. पुढे मजकूर म्हणतो की ती विश्वासाची पारख असेल किंवा दोष सुधारण्यासाठी असेल. दोन शक्यता दिल्या आहेत हे खरं, पण तापाने फणफणलेल्या शिपायाच्या कानात कोणती राहत असेल?

दुसरी वाट शहरातली, आणि तिथे वाद तापापेक्षा वैधव्यावर पेटला. पंडिता रमाबाईंनी 1887 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात नोंदवलं की उच्चवर्णीय समाजात वैधव्य ही स्त्रीच्या पूर्वजन्मीच्या घोर पापाची शिक्षा मानतात. नऊ वर्षांच्या पोरीला न आठवणाऱ्या गुन्ह्याची सजा, तीही केशवपनासकट. 1889 मध्ये मुंबईत काढलेलं शारदा सदन त्यांनी पुढच्याच वर्षी पुण्यात आणलं. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला. 1897 च्या प्लेगात त्यांची लेखणी उठली ती प्लेगच्या व्यवस्थेत बायकांच्या होणाऱ्या हेळसांडीवर. रमाबाईंवर ज्यांचा प्रभाव पडला ते, ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांनी ‘षड्दर्शनदर्पण’मध्ये कर्म आणि पुनर्जन्माची चिकित्सा केली होती. ते काही काळ गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनशी निगडित होते. ज्या मिशनमध्ये 1890 साली घेतलेल्या चहापायी पुढे टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, तेच हे.

प्रायश्चित्त या शब्दाकडे जरा थांबून पाहायला हवं. पेठांत त्याचा अर्थ ठरलेला: अमुक दोष, अमुक विधी, अमुक दक्षिणा, की खातं बंद. मराठी बायबलने हाच शब्द लेवीय 16 मधल्या यज्ञासाठी घेतला. पाप, शाप, भोग हेही आधीच वापरातले शब्द. पूर्वजन्म वगळला तरी शब्दांचा जुना वास जात नाही, आणि मग बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झालेल्या घरातली आजीही ‘माझं प्रारब्ध’ म्हणते.

आज हाच वास ‘पिढीजात शाप’ या नावाने येतो. वंशावळ लिहून आणायला सांगायची, कोणत्या आजोबांनी मूर्तीला नवस केला ते शोधायचं, मग शाप तोडण्याची प्रार्थना. पितृदोषाला नारायणनागबळीऐवजी उपासप्रार्थना, एवढाच फरक. आधार निर्गम 20:5 चा. यहेज्केल 18 वाचलाच जात नाही. स्पेनच्या कॅथलिक बिशपांनी 2024 मध्ये ‘वंशवृक्षाच्या आरोग्यदाना’ला सरळ नकार दिला. यात रुग्णाचं व्हायचं ते नुकसान ठरलेलं: प्रार्थनेने उतार पडला नाही तर ‘काहीतरी लपवलेलं पाप उरलंय’ असा निष्कर्ष निघतो, माणूस आठवून आठवून कबुल्या देतो आणि औषधाचे डोस चुकतात.

कॅथलिक बाजूने सर्वांत ठोस बदल झाला तो खाटेशेजारी. रुग्णाला तेल लावण्याच्या जुन्या विधीत फादर डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांना एकेक करून तेल लावत, आणि दर वेळी म्हणत की पाहण्याने, ऐकण्याने जे काही पाप घडलं असेल ते प्रभू क्षमा करो. रुग्णाचं शरीर म्हणजे जणू दोषांची यादी. त्यात तो ‘शेवटचा’ विधी मानला गेल्याने फादर दारात दिसले की घरात रडारड. 30 नोव्हेंबर 1972 च्या आदेशाने पोप सहावा पॉल याने तेल फक्त कपाळाला आणि दोन्ही हातांना ठेवलं, ऑलिव्हच्या जागी दुसरं वनस्पतितेलही चालेल असं ठरवलं, आणि शब्द याकोबाच्या पत्राच्या (5:14-15) जवळ आणले: प्रभू तुला तारो आणि उठवो. त्या पत्रात पापाचा उल्लेख आहे, पण ‘त्याने पापं केली असतील तर’ असा अटीचा. 11 फेब्रुवारी 1984 च्या पत्रात पोप दुसरा जॉन पॉल याने ईयोबाचा दाखला देऊन लिहिलं की प्रत्येक दुःख हे अपराधाचंच फळ आणि शिक्षाच असतं, हे खरं नाही.

रुग्णाच्या भेटीला जाणाऱ्याने काय वाचावं? अनुवाद 28 नको, ईयोबाच्या मित्रांची भाषणं नकोत, स्तोत्र 51, पापाच्या कबुलीचं, रुग्णाने मागितलं तरच. स्तोत्र 13, 22 आणि 88 चालतात. यातलं 88 वं अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, आणि खोटा धीर न देणारं म्हणून काहींना तेच जवळचं वाटतं. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर नुसते बसून होते (2:13), तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. पापाची कबुली द्यायची असेल तर ती आधी, नातेवाईक खोलीबाहेर गेल्यावर, फादरजवळ एकट्याने. तेल नंतर: छोट्या डबीत कापसात भिजवलेलं, अंगठ्याने लावायचं. अतिदक्षता विभागात हाताला सुया आणि पट्ट्या असल्या तर एकट्या कपाळाला लावलेलंही पुरतं.