भाजी-फळांची प्युरी पाणचट होऊ नये म्हणून

आमचा मिक्सर घेतलेले बरेच जण विचारतात : जेवणात तोंडी लावायला प्युरी केली, पण ती पाणचट का झाली? कारण बहुतेक वेळा मिक्सरच्या आधी, पातेल्यातच घडलेलं असतं. भरपूर पाण्यात उकळलेली भाजी पाणी धरून ठेवते आणि तिची चव पाण्यात उतरते. म्हणून भाजी वाफवून घ्या.

सुरुवात गाजर-सफरचंदाने करा. अर्धा किलो गाजरं सोलून साधारण १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा आणि १५ मिनिटं वाफवा. मग एका मोठ्या सफरचंदाच्या सोललेल्या फोडी वर टाकून आणखी ७-८ मिनिटं ठेवा. दोन्ही एकदम टाकलं, तर सफरचंदाचा लगदा होतो आणि गाजर करकरीतच राहतं. सुरीचं टोक गाजरात अलगद शिरलं पाहिजे. इथे घाई नको. अर्धकच्च्या गाजराचे कण कितीही फिरवले तरी जिभेला लागतात. शिजलेल्या फोडी कोरड्या पातेल्यात मंद आचेवर २ मिनिटं परता. उरलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. खरा फरक पडतो तो या दोन मिनिटांनी.

वाफाळतं मिश्रण बंद भांड्यात कधीही फिरवू नका. कोंडलेली वाफ झाकण उडवते आणि गरम गर अंगावर उडून भाजतं. कोमट होऊ द्या, भांडं निम्मंच भरा, थांबत थांबत फिरवा. पातं नुसतंच फिरू लागलं, तर वाफवण्याचं उरलेलं पाणी चमचा-चमचा घाला. शेवटी थोडं लोणी, चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब. लिंबाशिवाय ही प्युरी आम्हाला फार गुळमट वाटते.

लाल भोपळा आणि नाशपाती ही जोडीही छान जमते. बीट घेतलंत तर ते आधी वेगळं शिजवा, त्याला बराच वेळ लागतो. मटारची सालं राहतात, तेव्हा प्युरी चाळणीतून काढा. बटाटा मात्र मिक्सरमध्ये घालू नका, त्यातला स्टार्च सुटून खळीसारखा चिकटा होतो. तो हातानेच कुस्करा.

उरलेली प्युरी २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि ३ दिवसांत संपवा. बाळासाठी काढायची असेल, तर मीठ घालण्याआधी काढा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

भांडं धुताना झाकणाचा रबर काढून धुवा. गर तिथेच अडकतो आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो.