पन्नास मैलांची थरथर

नाशिकजवळची विल्होळी मागे पडली आणि मित्राच्या जुन्या एमजीबीचं, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, स्टेअरिंग हातात थरथरू लागलं. काटा पन्नासवर होता. मैलांत, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. वेग ताशी शंभर किलोमीटरला नेला तर थरथर गायब! "अलाइनमेंट करून घ्यावी," मित्र म्हणाला; म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यावेत. मला ते पटलं नाही.

ठरावीक वेगाला येऊन पुढे जाणारी थरथर बहुधा बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याची असते. रिमच्या कडेला एकाच जागी 20 ग्रॅम वजन जास्त असलं, तर ताशी 100 किमीला ते चाकाला सुमारे तीन किलोच्या जोराने बाहेर खेचतं, सेकंदाला जवळजवळ 15 वेळा. वेग निम्मा केला की जोर पावपट. मग शंभरला गाडी शांत कशी? चाक, स्प्रिंग आणि स्टेअरिंगचे रॉड यांची स्वतःची एक लय असते. चाकाच्या फेऱ्या तिच्याशी जुळल्या की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का बसावा तसं होतं. वेग वाढला की ती वेळ चुकते; जोर मात्र वाढलेलाच असतो.

अलाइनमेंटचा आजार मुका असतो. पुढच्या चाकांच्या पुढच्या कडा एमजीबीत मागच्या कडांपेक्षा 1.5 ते 2.3 मिलिमीटर जवळ हव्यात. याला टो-इन म्हणतात. चाक जेमतेम पाव अंशाने चुकलं, तरी टायर किलोमीटरमागे चारेक मीटर आडवा घासतो. नाशिकहून मुंबईला पोचेपर्यंत सातशे मीटरच्या आसपास! हातांना काही कळत नाही, टायरची कड मात्र करवतीसारखी होते.

अलाइनमेंट मशीनच्या संगणकावरचे लाल आकडे पाहून मेकॅनिकने सगळंच जुळवायला घेतलं, तर त्याला थांबवावं. या गाडीत टाय रॉड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवून टो तेवढा बदलतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) कारखान्यातच ठरलेले, आणि मागचा ॲक्सल तर अखंड. तिथे आकडा बिघडलेला दिसला, तर झिजलेला किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खुंटी), बुश (सांध्यातली रबरी नळी) किंवा वाकलेला भाग शोधायचा.

मित्राच्या चाकांना तारा आहेत. असं चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर साध्या शंकूने नीट मध्यावर बसत नाही, त्यासाठी वेगळे शंकू लागतात. नाहीतर चांगल्या चाकालाही तोल साधणारी वजनं उगाच चिकटतात. आम्ही आधी पान्याने तारांवर टिचकी मारत गेलो. ताठ तार खणकन वाजते. डाव्या चाकाच्या तीन तारा नुसत्या 'ठक' बोलल्या.