सुरमईवर कट कशाला? मालवणी कालवण आणि घाटावरचा रस्सा

सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठंही मासळीचं नवं हॉटेल निघालं की भिंतीवर जाळं चढतं, काउंटरला होडीचा आकार येतो, दाराशी 'येवा, कोकण आपलाच असा' लागतं आणि मेनूतल्या निम्म्या ओळी 'मालवणी'नं सुरू होतात. सजावटीबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती ताटातल्या वाटीबद्दल. त्या वाटीत बहुतेक वेळा मटणाचाच तांबडा रस्सा असतो आणि त्यात वरून सोडलेली सुरमईची तळलेली तुकडी.

उलटा घोळही तेवढाच चालतो. एखाद्या आचाऱ्यानं खरोखर मालवणी पद्धतीनं कालवण केलं, तर टेबलावरून आवाज येतो, "दादा, रस्सा पाणचट झालाय, कट कुठाय?" असं चार गिऱ्हाइकं बोलली की मालक आत जाऊन सांगतो, कट, म्हणजे वर तरंगणारी लाल तर्री, वाढव. मग पाटी मालवणची राहते आणि भांडं साताऱ्याचं होतं. दोष एकट्या हॉटेलवाल्याचा नाही, मागणाऱ्यांचाही आहे.

घाटावरचा रस्सा कसा होतो हे इथं कुणाला सांगायला नको. कांदा आणि सुकं खोबरं भाजायचं, तीळ-खसखस, आलं-लसूण-कोथिंबीर, खडा मसाला, वर कांदा-लसूण मसाला. तेल सुटेपर्यंत परतायचं, गरम पाणी ओतायचं आणि उकळू द्यायचं. घरोघरी होतो. यातली एकच गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवा: या रश्श्याला वेळ लागतो. भाजलेलं वाटण निवांत परतलं आणि उकळलं, तरच ते उतरतं आणि तर्री वर येते.

मालवणी माशाच्या कालवणात वाटण कच्चं असतं. सगळा फरक इथून निघतो. अर्धा किलो माशाला साधारण अर्ध्या नारळाचं ओलं खोबरं, भिजवलेल्या आठ-दहा बेडगी मिरच्या, दीड चमचा धणे, अर्धा चमचा हळद आणि कांद्याचा छोटा तुकडा. लसूण कुणी घालतं, कुणी नाही. यातलं काहीही न भाजता थोडंथोडं पाणी घालत गंधासारखं बारीक वाटायचं. खोबऱ्याची कणी जिभेला लागली तर कालवण पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे असं होतं. हॉटेलातलं कालवण 'पातळ' लागतं त्याचं कारण पुष्कळदा पाणी जास्त पडणं हे नसून वाटण भरड राहणं हे असतं. वाटण भांड्यात घेऊन दोन-अडीच वाट्या पाणी, मीठ आणि पाच-सहा आमसुलं घालायची. फोडणी बहुतेकदा नसतेच, असली तर चमचाभर तेलात चिरलेला कांदा. उकळी फुटली की मासा सोडायचा. बोटभर जाडीची सुरमईची तुकडी मध्यम आचेवर सहा-सात मिनिटांत होते, बांगडा त्याहून थोडा लवकर. पळी घालायची नाही, भांडंच कडांना धरून हलवायचं. मग गॅस बंद करून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, आंबट आणि मीठ तेवढ्यात माशात उतरतं.

आता कटाचं बघू. कट येतो तेलातून आणि भाजून परतलेल्या सुक्या खोबऱ्यातून. कच्च्या वाटणात मुळात तेल नाही आणि ओल्या खोबऱ्याची स्निग्धता दुधात मिसळलेली असते. ती मिसळलेलीच राहायला हवी. कालवण गरजेपेक्षा जास्त उकळलं की खोबऱ्याचं दूध फुटतं, वर तेलाचे डोळे दिसायला लागतात आणि खाली रवाळ गाळ बसतो. म्हणजे मटणाच्या रश्श्यात ज्या तवंगाला आपण दाद देतो, तोच तवंग माशाच्या कालवणावर दिसला तर आचारी चुकला असं समजावं. खोबरेल तेल वरून चमचाभर सोडायची पद्धत काही घरांत आहे, पण त्याचा वास लपत नाही आणि त्याला कट म्हणून कुणी फसणार नाही. चांगल्या कालवणाचा रंग केशरी-नारिंगी, अपारदर्शक, वर काही तरंगत नाही. वाटीतलं लालभडक तपकिरी असेल आणि कडेनं तेल दिसत असेल, तर ते चवीला कितीही झणझणीत असो, मालवणी नाही.

"मग त्यात मालवणी मसाला नसतो का?" हा प्रश्न हमखास येतो आणि घोळाचं मूळही यातच आहे. तो मसाला लवंग, मिरी, दालचिनी, बडीशेप असं बरंच काही भाजून केलेला असतो. त्याचं मुख्य काम कोंबडी, मटण आणि काळ्या वाटाण्याची उसळ. माशाच्या कालवणात काही जण अर्धा चमचा घालतात, तळणीच्या माशाला चोळतात, पण कालवणाचा पाया तो नाही. इकडच्या हॉटेलात पाकिटातला मालवणी मसाला तांबड्या रश्श्यात घातला की 'मालवणी फिश करी' तयार होते. लवंग-दालचिनीचा वास सुरमईच्या आधी नाकात शिरतो आणि मग सुरमई घेतली काय नि अंडं घेतलं काय, सारखंच.

आंबटाचंही असंच आहे. आमसुलं रस्सा दाट करत नाहीत, फक्त आंबट करतात आणि माशाचा वास मारतात. टोमॅटो दाटही करतो आणि गोडही. हॉटेलवाल्याला दाटपणा फुकटात हवा असतो म्हणून टोमॅटो पडतो. एप्रिल-मेमध्ये कैरी घातली तर उत्तम. चिंचही चालते, कोकणपट्टीत आणि गोव्यात ती सर्रास पडते. टोमॅटो मात्र नको. माशाच्या कालवणात त्याच्या साली तरंगताना दिसल्या की पुढचा बेत तळलेल्या माशावरच आटपावा.

बांगड्याच्या किंवा तारलीच्या कालवणात काळपट, लाकडासारखं काहीतरी सापडलं तर वेटरला हाक मारू नका. ती तिरफळं, मसाल्यातली सुकी फळं. अर्धा किलोला सात-आठ पुरतात. आतली काळी बी काढून टाकतात आणि टरफल जरा ठेचून घालतात, वाटणात वाटत नाहीत. चावलं तर जिभेला मुंग्या येतात, म्हणून ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. तेलकट, उग्र माशांसाठीच ही योजना आहे. पापलेटात तिरफळं टाकणारा आचारी मात्र ऐकीव माहितीवर चाललेला असतो.

हॉटेलच्या स्वयंपाकघराची अडचणही समजून घ्यायला हवी. मटण रश्श्यात चार तास बसलं तरी बिघडत नाही. मासा बसला तर तुटतो, दाणेदार होतो आणि रश्श्यात फक्त काटे उरतात. म्हणून सोपा मार्ग निघतो: सकाळी एकच मोठं पातेलं करायचं आणि ऑर्डर येईल तशी त्यात कोंबडी, अंडं किंवा तळलेली तुकडी टाकायची. अशा वाटीत माशाची चव रश्श्यात येणं शक्यच नाही, कारण मासा त्यात शिजलेलाच नसतो. तुकडीवर तळणीची कड दिसली की ओळखा. जाणते हॉटेलवाले वेगळं करतात. डोकी आणि शेपट्या घालून सकाळी पातळ कालवण करतात, ऑर्डर आली की त्यातलं दोन-तीन पळ्या छोट्या भांड्यात घेऊन कच्ची तुकडी सोडतात. याला दहा-बारा मिनिटं लागतात. त्यामुळं 'थोडा वेळ लागेल' असं ऐकलं तर नाराज होऊ नका, दोन मिनिटांत आलेल्या वाटीवर मात्र संशय घ्या. आणि डोकं मिळत असेल तर मागा, चव तिथंच असते.

ऑर्डर देण्याआधी विचारायचे प्रश्न तीनच: आंबट काय घालता, वाटण भाजलेलं की कच्चं, मासा कालवणात शिजतो की वरून सोडता? तिन्हींची उत्तरं वेटरला माहीत नसतील तर त्यानं आत जाऊन विचारून यावं. 'सगळं स्पेशल आहे साहेब' हे उत्तर धरू नये.

आता अपवाद, कारण यावरून वाद घालणारे नेमका हाच पुढे करतात. कुर्ल्या, तिसऱ्या, बरेचदा कोलंबी, आणि मोरी, यांना मालवणातही कांदा-खोबरं भाजून वाटण लावतात. मोरी म्हणजे लहान शार्क, तिच्या मांसाला उग्र वास असतो, मसाल्याशिवाय ती जात नाही. तिसऱ्या आणि कुर्ल्यांना आपला असा गोडवा असतो, तो भाजलेल्या खोबऱ्यापुढं टिकतो. तेव्हा ज्याला कटाशिवाय घास उतरत नाही, त्यानं मालवणी हॉटेलात कुर्ल्यांचा रस्सा किंवा मोरी मागवावी. तोंडाला ओळखीचं लागेल आणि खोटंही होणार नाही. सुरमई, पापलेट, बांगडा, हलवा, रावस यांच्यावर मात्र कट मागू नका.

घाटावरच्या रश्श्यालाही त्याचे मासे आहेत, आणि ते कृष्णेत, कोयनेत, वारणेत आणि धरणांच्या पाण्यात सापडतात. मरळ, वाम, कटला, चिलापी. गोड्या पाण्यातल्या माशाला पुष्कळदा मातीचा वास येतो. पाण्यातले काही सूक्ष्म जीव एक द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरतं. हा वास आंबटानं मोडतो, म्हणून तुकड्यांना मीठ-हळदीबरोबर चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून वीसेक मिनिटं ठेवायचे, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग रश्श्यात घालायचे. उरलासुरला वास कांदा-लसूण मसाला झाकतो. मरळीचा रस्सा ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला तर पापलेटाची आठवण कशाला यावी? नदीकाठच्या साध्या ढाब्यावर हा रस्सा उत्तम मिळतो. जाळं लावलेल्या हॉटेलात तो मेनूवर क्वचितच असतो, कारण त्याची त्यांना लाज वाटते. ही लाज मला कळत नाही.

त्याच हॉटेलांत 'फिश टिक्का' आणि 'फिश फिंगर' मात्र बासाचे असतात, आणि बासा हा शेततळ्यात वाढवलेला गोड्या पाण्यातलाच मासा. काटा नाही, कातडी नाही, पांढरीफेक मऊ तुकडी. सुरमईच्या आडव्या तुकडीला मधोमध काटा असतो आणि कडेनं चंदेरी-करडी कातडी. सुरमई मागितल्यावर बिनकाट्याचं, बिनकातडीचं काही आलं तर परत पाठवा.

बाकीचे फरक किरकोळ. सोलकढी थंड असते, तिच्यात नारळाचं दूध आणि कोकमाचा आगळ असतो; पांढरा रस्सा गरम असतो आणि मटणाच्या पाण्याचा असतो. सोलकढीचा रंग फिका गुलाबी असावा. राणी रंगाची असेल तर बहुधा बीट किंवा रंग पडलाय. तवा फ्राय म्हणजे नुसता मसाला लावून, रवा फ्राय म्हणजे वर बारीक रव्यात घोळवून. दोन्ही कमी तेलात तव्यावर. कॉर्नफ्लोअर आणि लाल रंग लावून कढईत बुडवलेलं यातलं काहीच नाही. वडे म्हणजे मैद्याच्या पुऱ्या नव्हेत, त्यात तांदूळ आणि उडदाचं पीठ असतं. मेनूवर किमतीच्या जागी 'एपीएस' लिहिलं असेल तर किंमत माशाच्या आकारावर ठरते, मासा बघून आणि आकडा विचारून मगच होकार द्या.

ताजेपणाबद्दल. सांगलीला मासळी रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूरमार्गे येऊ शकते, कराडला चिपळूणहून कुंभार्ली घाटानं. रात्रीची गाडी सकाळी पोचते, त्यामुळं बर्फ नीट असेल तर अंतर ही सबब होत नाही. बर्फ कमी पडला तर पहिला फटका बांगड्याला. उबेत राहिलेल्या बांगड्यात आणि सुरमईत असं द्रव्य तयार होतं की खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. ते शिजवून जात नाही. लोक त्याला 'मासे बाधले' म्हणतात आणि आयुष्यभर मासे सोडतात. खरा दोष साठवणीचा असतो. बोंबील अंगानंच पाणीदार, इतक्या लांब ओला मागवू नये, सुका मागवावा.

१ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, त्यामुळं जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल येऊ लागतो. बाकी बहुतेक शीतगृहातलं. त्या दोन महिन्यांत 'आजच मालवणहून आलेली सुरमई' असं कुणी सांगितलं तर हसून मरळ आहे का विचारावं. कालवणच हवं असेल तर भात आधी सांगून ठेवा. ते भाताशी खायचं असतं, फार तर तांदळाच्या भाकरीशी. ज्वारीची भाकरी कुस्करली की त्या पातळ आंबटाचा लगदा होतो आणि मग पुन्हा कोणीतरी म्हणतं, कट कुठाय.