तीन तासांचा चोर्ला घाट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर एक जुनं इंजिन उभं आहे. भंगारात निघालेल्या मारुती एस्टीमचं. 1.3 लिटर, चार सिलिंडर, ब्लॉक अॅल्युमिनियमचा. डिप्लोमाची चार पोरं सुट्टीच्या दिवशी येऊन त्याच्याशी खटपट करत असतात. त्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काका, हे ऐंशीच्या वर हॉर्सपॉवर देतंय. दोन माणसांच्या लहान विमानाला एवढं पुरतंय की. मग बसवायला अडतंय कुठं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. सुझुकीच्या याच जी-मालिकेतली तीन आणि चार सिलिंडरची इंजिनं अमेरिकेत हौशी लोकांनी आपल्या विमानांना बसवली आणि उडवली. तिथं स्वतः बांधलेल्या विमानाची 'एक्सपेरिमेंटल' म्हणून नोंद होते. अट एवढीच, की निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्यानं स्वतः शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असावं. विमानाचं इंजिन थोड्या संख्येनं बनतं आणि त्याच्या प्रत्येक भागामागे प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते महाग. गाडीचं इंजिन लाखांनी बनतं, म्हणून स्वस्त. हौशी माणसाची नजर त्याच्याकडे वळणारच.

गेली बावीस वर्षं मी इंजिनांच्या फिरत्या मुख्य दांड्यांचं, म्हणजे क्रँकशाफ्टचं, ग्राइंडिंग करतोय. तुटलेले शाफ्ट रोज हातात येतात. त्या पोराला उत्तर द्यायला मला बरेच रविवार लागले.

बेळगावहून गोव्याला चोर्ल्यातून गेलेल्या माणसाला यातली पहिली अडचण लगेच समजेल. सपाट हायवेवर ताशी 80 किलोमीटरनं जाणाऱ्या लहान गाडीला जेमतेम दहा-बारा हॉर्सपॉवर लागते. उरलेली ताकद राखीव पडून असते. घाट लागला, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान असलं, की ती कामाला येते. इंजिनाचा आवाज बदलतो, रेडिएटरचा फॅन सुरू होतो. पण हे काही मिनिटंच. वळण आलं की पाय उचलला जातो, माथा आला की उतार असतो.

विमानाला उतार नाही. धावपट्टीवरून सुटताना पूर्ण ताकद, वर चढताना जवळपास पूर्ण, आणि उंची गाठल्यावरही साधारण 65 ते 75 टक्के, तासन्‌तास. म्हणजे सलग तीन तास चोर्ला घाट चढायचा आणि मध्ये कुठंही पाय उचलायचा नाही. गाडीचं चांगलं इंजिन हेसुद्धा सोसतं. आताच्या इंजिनांना कंपन्या टेस्ट बेंचवर शेकडो तास पूर्ण ताकदीनं पळवूनच बाजारात आणतात. ब्लॉक, पिस्टन, व्हॉल्व्ह यांची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती या इंजिनाला आपण जे जे बाहेरून जोडणार, त्याची.

त्यात पहिला येतो पंखा. एस्टीमचं इंजिन पूर्ण ताकद देतं ते मिनिटाला 6000 फेऱ्यांच्या आसपास. 1.7 मीटर व्यासाचा प्रोपेलर 5500 फेऱ्यांनी थेट फिरवला, तर त्याचं टोक सेकंदाला 490 मीटर वेगानं जाईल. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. टोक त्याच्या जवळ पोचलं की ताकद पुढं ओढण्यात न जाता धक्क्याच्या लाटांत आणि कर्कश आवाजात जाते. तोच पंखा 2500 फेऱ्यांवर आणला की टोकाचा वेग 222 मीटरवर येतो, आणि मग तो कामाचा. पंखा लहान करून भागत नाही. थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा भरपूर हवा हळू ढकलण्यात ताकद कमी वाया जाते, म्हणून मोठा आणि संथ पंखाच किफायतशीर.

जुन्या लोकांनी ही अडचण येऊच दिली नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटेनपोल यांनी 1929 मध्ये फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन आपल्या 'एअर कँपर' विमानात बसवलं. 3.3 लिटर, पण ताकद फक्त 40 हॉर्सपॉवर, तीही 2200 फेऱ्यांवर. पंखा सरळ शाफ्टलाच लावला. युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर फोक्सवॅगन बीटलचं हवेनं थंड होणारं इंजिन असंच थेट पंख्याला जोडलं गेलं. संथ इंजिनांचा तो काळ गेला. आजचं इंजिन लहान, हलकं, आणि ताकद काढतं ती फेऱ्या वाढवून. त्यामुळे मध्ये वेग उतरवणारी यंत्रणा, म्हणजे रिडक्शन, लागतंच.

वेग उतरवणं आपल्या भागाला नवं नाही. गुऱ्हाळावर डिझेल इंजिनाची लहान पुली, घाण्याकडची मोठी पुली आणि मध्ये पट्टा, हे ज्यानं पाहिलंय त्याला गणित सांगावं लागत नाही: वेग उतरला त्या पटीत पीळ, म्हणजे टॉर्क, वाढला. राइट बंधूंनीही 1903 मध्ये हेच केलं, सायकलसारख्या साखळीनं. त्यांचं इंजिन मिनिटाला हजारेक फेऱ्या करायचं आणि पंखे साडेतीनशेच्या आसपास. डेटनला त्यांचं सायकलचं दुकान 1892 मध्ये सुरू झालं होतं. त्याआधी चार वर्षं, 1888 मध्ये, आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान निघालं, आणि त्यातूनच पुढे लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं आली. किर्लोस्कर रोडवरून जाताना मला हे दरवेळी आठवतं.

आता ज्या गोष्टीनं हौशी विमानांची सगळ्यात जास्त गिअरबॉक्स फोडली असतील, तिच्याकडे येतो. ती मी पुस्तकात वाचण्याआधी हातानं अनुभवली आहे.

आठ-दहा वर्षांपूर्वी एका फाउंड्रीतल्या ब्लोअरची मोटर जळाली. काम थांबवणं परवडत नव्हतं, म्हणून आम्ही गाडीचं एक जुनं चार सिलिंडरचं इंजिन आणलं आणि लोखंडी स्लीव्ह कपलिंगनं ब्लोअरच्या शाफ्टला घट्ट जोडलं. इंजिनाची ताकद गरजेच्या दुप्पट होती. आयडलच्या, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं त्या वेगाच्या, थोडं वर, 1100 फेऱ्यांच्या आसपास, सगळा सांगाडा खडखडायला लागला. फेऱ्या वाढवल्या की खडखड थांबायची, उतरवताना पुन्हा यायची. आम्हाला वाटलं, अलाइनमेंट चुकलंय. दुपारपर्यंत कपलिंगमधली चावी, म्हणजे शाफ्ट आणि कपलिंगला एकत्र फिरवणारी लोखंडी पट्टी, कातरली गेली. करवतीनं कापावी तशी, दोन सरळ तुकडे. चावीचा हिशेब मी स्वतः केला होता. सरासरी पिळासाठी ती तिप्पट मजबूत होती.

चूक 'सरासरी' या शब्दात होती. चार सिलिंडरचं इंजिन शाफ्टला एकसारखं फिरवत नाही. दर फेरीत दोन ठोके देतं, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये, कॉम्प्रेशनच्या वेळी, शाफ्टला उलट ओढतंसुद्धा. 1100 फेऱ्यांना हे ठोके सेकंदाला सदतीसच्या आसपास होतात. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला जड पंखा, आणि मधला शाफ्ट पिळला जाणाऱ्या स्प्रिंगसारखा. या जोडीची स्वतःची एक हेलकाव्याची गती असते. ठोके त्या गतीशी जुळले की प्रत्येक ठोका आधीच्या पिळात भर घालतो आणि शाफ्टवरचा ताण सरासरीच्या कितीतरी पट होतो. यालाच टॉर्शनल रेझोनन्स म्हणतात. आमची चावी त्यानं कातरली. विमानात हाच पंखा प्रोपेलर असतो, आणि चावीच्या जागी गिअरचे दात किंवा क्रँकशाफ्ट.

गाडीत हे का होत नाही? एखाद्या गॅरेजमध्ये क्लच प्लेट हातात घेऊन बघा. मधल्या हबभोवती चार किंवा सहा आखूड, जाड स्प्रिंगा बसवलेल्या दिसतील. हब एका हातानं धरून दुसऱ्या हातानं प्लेट पिळली तर हलतसुद्धा नाही, इतक्या त्या कडक. पण इंजिनाच्या ठोक्याला त्या दबतात आणि गिअरबॉक्सकडे जाणारा झटका बोथट करतात. वरून क्लच घसरू शकतो, रबरी माउंटिंग आणि टायर लवतात. गाडीच्या इंजिनापुढचं सगळंच थोडं थोडं लवचिक असतं. आम्ही ते सगळं काढून लोखंडाला लोखंड जोडलं होतं.

म्हणून चांगल्या रिडक्शनमध्ये रबरी कपलिंग, स्प्रिंगा किंवा दातेरी पट्टा घालतात, आणि हेलकाव्याची गती आयडलच्या खाली राहील अशी बेतानं निवडतात. इंजिन सुरू होताना ती एकदाच, झटकन ओलांडायची. लहान विमानांसाठीच बनवलेलं ऑस्ट्रियाचं रोटॅक्स 912 हे इंजिनही 5800 फेऱ्यांवर पळतं, आणि त्याच्या गिअरबॉक्समध्ये धक्का शोषणारी यंत्रणा आधीपासून असते. जर्मनीच्या थीलर्ट कंपनीनं मर्सिडीज ए-क्लास गाडीच्या 1.7 लिटर डिझेल इंजिनावरून 135 हॉर्सपॉवरचं विमान इंजिन बनवलं आणि 2002 मध्ये त्याला रीतसर प्रमाणपत्र मिळवलं. त्यांनी मध्ये क्लच आणि गिअरबॉक्स दिला, तरी सुरुवातीला दर 300 तासांनी गिअरबॉक्स उतरवून तपासायला पाठवावा लागत असे. इतक्या जाणत्या लोकांनाही पीळ सोपा गेला नाही.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. गाडीत क्रँकशाफ्टला पुढून कोणी ओढत नाही. क्लच दाबल्यावर तेवढा थोडा रेटा बसतो. प्रोपेलर थेट बसवला की तो शाफ्टला सतत पुढे ओढतो, आणि विमानाचं नाक वर-खाली झालं की फिरत्या भोवऱ्यासारखा आडवा जोर देऊन शाफ्ट वाकवू पाहतो. शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन हौशी विमानांत असं थेट वापरतात. त्याच्या काही क्रँकशाफ्टना तडे गेले. तडा सुरू होतो जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि वेब (त्याला जोडलेली आडवी भिंत) यांच्या कोपऱ्यातल्या गोलाईत, ज्याला आम्ही फिलेट म्हणतो. ग्राइंडिंग करताना ही गोलाई अर्ध्या मिलिमीटरनं कमी राहिली, तरी शाफ्टचं आयुष्य कुठल्या कुठं जातं. तिथं उपाय केला तो शाफ्टला नायट्रायडिंग करून, म्हणजे त्याचा पृष्ठभाग कडक करून, आणि पंख्याच्या बाजूला आणखी एक, पाचवं, बेअरिंग देऊन. रिडक्शन असेल तर हा भार गिअरबॉक्सची बेअरिंग घेतात. रिडक्शनचा हा दुसरा फायदा मला पहिल्याइतकाच मोठा वाटतो.

थंड ठेवण्याचं काम त्यामानानं समजायला सोपं, करायला चिवट. पेट्रोलमधली साधारण पाव ते एक तृतीयांश ऊर्जा शाफ्टला मिळते, जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात जाते. सगळ्यात जास्त उष्णता वर चढताना निघते, आणि नेमका तेव्हाच विमानाचा वेग कमी, म्हणजे रेडिएटरला वारा कमी. मोठा रेडिएटर उघड्यावर लावला तर वाऱ्याला अडतो. म्हणून हवेला लहान तोंडातून आत घेऊन, हळूहळू रुंद होणाऱ्या डक्टमध्ये संथ करून रेडिएटरमधून काढतात. पाणी, होस, रेडिएटर आणि गिअरबॉक्स धरून वीस-तीस किलो सहज वाढतात, तेही नाकावर, आणि विमानाचा तोल पुढं जातो.

मग वीज. लायकमिंगसारख्या जुन्या धाटणीच्या विमान इंजिनाला दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठीची वीज स्वतःच बनवणारी यंत्रं, असतात. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. गाडीचं इंजिन मात्र पंप, इंजेक्टर, कॉइल, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) अशा सगळ्यासाठी विजेवर अवलंबून. 2007 मध्ये जर्मनीत स्पायरला थीलर्टची दोन इंजिनं असलेलं डायमंड डीए-42 विमान बॅटरी उतरलेली असताना बाहेरच्या विजेवर सुरू करून उडवलं गेलं. चाकं आत घेण्याची मोटर चालू होताच व्होल्टेज क्षणभर पडलं, दोन्ही इंजिनांचे कंप्युटर नव्यानं सुरू झाले आणि दोन्ही पंखे थांबले. सुदैवानं कोणाचा जीव गेला नाही. इंजिनं धडधाकट होती.

ईसीयूचा स्वभावही बदलावा लागतो. सेन्सर बिघडला की गाडीचा ईसीयू ताकद कमी करतो, कारण त्याला इंजिन वाचवायचं असतं. ड्रायव्हर हायवेच्या कडेला थांबेल, हे त्यात गृहीत आहे. विमानात इंजिन खराब झालं तरी चालेल, पण धावपट्टीपर्यंत ताकद हवी. म्हणून वेगळा प्रोग्रॅम, दोन बॅटऱ्या, दोन पंप, शक्य तर दोन ईसीयू.

आपल्या गावाचा हिशेबही पोरांनी काढला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. मे महिन्यात 35 अंश तापमान धरलं, तर सांबऱ्याच्या विमानतळाच्या धावपट्टीवरची हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 14 टक्के विरळ भरते. टर्बो नसेल तर ताकदही जवळपास तेवढीच कमी, आणि विरळ हवेत पंखा आणि विमानाचे पंखही कमी काम करतात. वर पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, जे आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही बनतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी, ते पाणी शोषतं आणि जुन्या रबराला फुगवतं. टाकी, होस, ओ-रिंग सगळं त्याला चालणारं लागतं.

भारतात डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणी आणि परवानगी असल्याशिवाय कुठलंही विमान उडत नाही, आणि ते योग्यच आहे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी घरीच बांधलेल्या विमानाला अशी नोंदणी 2017 मध्ये मिळाली, तीही अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर. आमचं इंजिन उडण्यासाठी नाही. त्याला दातेरी पट्ट्याचं रिडक्शन केलंय, रबरी कपलिंगसह. पुढे लाकडी पंखा आणि चारी बाजूंनी जाळी. तासाभराच्या पाळीनं आम्ही ते पळवतो. मग बंद करून थंड होऊ देतो आणि प्रत्येक नट, बोल्ट, क्लॅम्प बघतो. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ आहे, अर्धी बोल्टवर, अर्धी बाजूच्या भागावर. काही सैल झालं की रेघ तुटलेली दिसते.

गेल्या रविवारी आठवा तास झाला. कपलिंग थंड, पट्टा ताणलेला, प्लगचा रंग फिकट तपकिरी, अगदी हवा तसा. रेडिएटरच्या खालच्या होसच्या क्लॅम्पवरची रेघ मात्र दोन मिलिमीटर सरकली होती, आणि खाली फरशीवर हिरव्या कूलंटचा रुपयाएवढा डाग. पोरानं क्लॅम्प बदलला, नवी रेघ ओढली, वहीत तारीख आणि वेळ लिहिली आणि तासांचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू केला.